लिफ्टमामाची पिशवी

पार्सल आलं त्या दिवसापासून एक विचार तिच्या मनात ठाण मांडून बसला होता. मामाचं डोकं आता त्याला दगा द्यायला लागलंय की काय?

तशी ती काळजी करण्यात वाकबगार. लेकीला यायला जरा उशीर झाला की आधी फोन करायची, मग खिडकीत जायची, मग पुन्हा फोन करायची, आणि लेक दारात उभी राहिली की वर तिलाच म्हणायची, "धावत यायची काय गरज होती?" त्यामुळे घरात तिच्या काळजीला फारसा भाव नव्हता. पण या खेपेला तिच्याकडे पुरावा होता, आणि तो जेवणाच्या टेबलावर पडला होता.

क्रोशाने विणलेली बाजाराची पिशवी. लेकीने मामाकडे हक्काने मागितलेली. पांढऱ्या सुती दोऱ्याची, तळ ताटलीसारखा गोल आणि घट्ट, वर एकसारखी जाळी. कुठे गाठ दिसत नव्हती की कुठे टाका ओढलेला नव्हता. फक्त पिशवीला बंद नव्हते. तोंडाशी एक दोरी ओवलेली होती, ती ओढली की पिशवी मिटायची, आणि जिथे बंद असायला हवेत तिथे एक कडी होती. बारीक, टणक, जेमतेम दोन बोटं जातील एवढी.

लेकीने पिशवी उलटसुलट करून पाहिली. "आई, ही धरायची कुठे? दातात?"

"काहीतरी नवीन तऱ्हा असेल."

"लिफ्टआजोबा बंद विसरले, दुसरं काय. वय झालं त्यांचं. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, हे लेकीला सांगून कळलं नसतं. दुसरं कुणी बंद विसरलं असतं तर तीही हसली असती. पण मामाची सगळी ख्याती बंदांवर होती. सुती दोरा वजनाने उतरतो. पिशवी रिकामी असते तेव्हा झोकात कमरेशी लटकते, आणि बटाटे भरले की गुडघ्यावर आपटायला लागते. म्हणून मामा बंद मुद्दाम आखूड ठेवायचा. पिशवी हातात पडली की प्रत्येक जण कुरकुरायचा, आखूड झाले म्हणून. मामा म्हणायचा, "आधी बाजार करून ये, मग भांड." पिशवीचं पोट विणून झालं की तो तिच्यात कांदे-बटाटे भरून ती रात्रभर स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीला टांगून ठेवायचा, सकाळी किती उतरली ते पाहायचा आणि मगच बंदांना हात घालायचा. "आमच्याकडे आलेल्या पाहुण्याने कपडे हातात धरून बसावं," मामी म्हणायची. "खुंटीवर बटाटे झोपलेत."

असा माणूस बंद विसरला.

मामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ. सगळं आयुष्य त्याने एका कचेरीच्या इमारतीत लिफ्ट चालवण्यात काढलं, म्हणून सगळ्या घराचा तो लिफ्टमामा. लहानपणी शाळेला सुट्टी लागली की आई तिला कामावर जाता जाता त्याच्या हवाली करायची. जाळीचा दरवाजा, पितळी बटणांची पाटी, डोक्यावर घरघरणारा छोटा पंखा, आणि स्टुलावर मामा. त्याच्या पायाशी जमिनीवर बसून ती दिवसभर माणसांचे बूट आणि चपला बघायची. माणूस आत पाऊल टाकायच्या आधी मामाला त्याचा मजला ठाऊक असायचा. गर्दी वाढली की तो एक नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "दोघं पुढच्या फेरीला." कोण दोघं, ते तो सांगायचा नाही. जे जाड असायचे ते आपणहून बाहेर पडायचे.

"आपल्या खानदानात माझ्याइतका वर गेलेला माणूस दुसरा नाही," तो म्हणायचा. "आणि माझ्याइतक्या वेळा खाली आलेलाही नाही."

क्रोशा त्याला मामीने शिकवला. तेव्हा ती मामी झालेली नव्हती, वरच्या मजल्यावरची टाइपिस्ट होती. येता-जाता तिच्या हातात दोरा आणि सुई असायची. मामा नुसता टक लावून बघत बसायचा. एक दिवस तिने विचारलं, शिकायचंय का. तो हो म्हणाला. मग शिकवणी सुरू झाली ती तळमजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत. एका खेपेत साखळी. दुसऱ्या खेपेत मुका खांब, म्हणजे आखूड टाका. घेर कसा वाढवायचा तेही तिने सांगितलं, पण वाढवणं कुठे थांबवायचं हे सांगणार तोच तिचा मजला आला, ती उतरली, आणि मग चार-पाच दिवस लिफ्टमध्ये कायम तिच्या खात्याचे साहेब. त्यांच्यासमोर विचारायचं कसं? मामा वाढवत राहिला. ती पुन्हा एकटी भेटली तेव्हा त्याच्या मांडीवर जे पसरलेलं होतं ते बघून म्हणाली, "ही पिशवी आहे की सतरंजी?"

ती सतरंजी पुढे त्यांच्या घरात रेडिओखाली होती. मामी सगळ्यांना दाखवायची. "हे आमचं लग्न," म्हणायची. "थांबायचं कुठे ते विचारायला हे लाजले, म्हणून झालं."

विणताना मामाचा एकच कायदा होता. सुईवर घेतलेला खांब पुरा केल्याशिवाय तो दरवाजा उघडायचा नाही. मजला आलेला असायचा, बाहेर माणसं उभी असायची, आत साहेब घड्याळाकडे बघत असायचे. मामा म्हणायचा, "एक टाका, साहेब." आणि सगळी इमारत तेवढा श्वास थांबायची. तक्रारही गेली होती एकदा. ज्यांनी तक्रार केली त्यांच्याच बायकोने पुढच्या महिन्यात पिशवी मागितली, तेव्हा ती मिटली.

मामा निवृत्त झाल्यावर तिथे आपोआप चालणारी लिफ्ट बसली. मामी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. मामा अजून त्याच जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, एकटा. त्या इमारतीला लिफ्ट नाही. यावरून नातेवाइकांनी करायचे तेवढे विनोद करून झाले होते, आणि सगळ्यात जास्त खुद्द मामाने केले होते.

ती त्याला रोज संध्याकाळी फोन करायची. जेवलास का, गोळी घेतलीस का, बाजारात जाऊन आलास का. मामाची उत्तरंही ठरलेली. जेवलो. घेतली. बाजार झाला. या तीन शब्दांवर ती रात्री झोपायची.

पार्सल आलं त्या संध्याकाळी तिने जपून विषय काढला. "मामा, पिशवी मिळाली बरं का."

"छान झालीय ना? कडी बघितलीस? तिच्यात दोन दोऱ्यांचा टाका घातलाय. हत्ती टांग, उसवायची नाही."

"हो, पण मामा... बंद?"

"बंद कशाला?" मामा म्हणाला. अगदी सहज, जसं कुणी विचारावं, छत्रीला चाकं कशाला.

विसरला असता तर 'अरे हो' म्हणाला असता. पिशवीला बंद कशाला असतात हेच त्याला आठवत नव्हतं.

नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. नवरा तसा कमी बोलणारा. तो उठला आणि अडगळीच्या खोलीतल्या ट्रंका बाहेर काढायला लागला. "आणू या त्यांना इकडे," म्हणाला. "आपल्याकडे लिफ्ट आहे. खाली बाग आहे. आणि तू रोज फोन करण्यापेक्षा दार उघडून बघशील." दोन दिवसांत खोली रिकामी झाली, पलंग आला, खिडकीला पडदा लागला. शनिवारी भल्या पहाटे तिने बिनबंदांची पिशवी पर्समध्ये कोंबली, आणि मामाला न कळवता त्याच्या गावाची बस पकडली. कळवलं असतं तर त्याने 'कशाला येतेस, मी ठणठणीत आहे' म्हटलं असतं, आणि तिला पुन्हा ते पटलं असतं.

मामाच्या गल्लीत शिरली तेव्हा बाजाराची वेळ होती. भाजीवाल्याची हातगाडी नेमकी इमारतीच्या दाराशी आडवी लावलेली. ती कडेने वाट काढायला लागली तसा तो म्हणाला, "ताई, जरा मागे सरका. लिफ्ट येतेय."

"काय येतंय?"

त्याने वर बोट दाखवलं. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून एक पांढरी पिशवी दोरीला लटकून खाली येत होती. डुलत नव्हती, गिरक्या घेत नव्हती, तिसऱ्या मजल्यावरून, दुसऱ्या मजल्यावरून एका संथ चालीने उतरत होती. भाजीवाल्याच्या खांद्याच्या उंचीला येऊन ती थांबली. त्याने दोरीचा आकडा न सोडताच तोंड सैल केलं, आतून एक डबा आणि किल्ली काढली, डबा शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दिला, किल्ली खिशात टाकली, आणि पिशवीत भाजी भरायला लागला.

"वरची की दुसऱ्या मजल्याची?" त्याने मान वर करून विचारलं.

वरून आवाज आला. "टोमॅटो दुसऱ्याचे. ते वर ठेव, बटाट्याखाली घालू नकोस. काल सॉस झाला होता."

मामाचा आवाज. खणखणीत.

"एकच खेप करा ना मामा, तिसऱ्याचा कोबीपण घेतो."

"कोबी पुढच्या फेरीला."

भाजीवाल्याने तोंड ओढून दोरीला एक झटका दिला. पिशवी निघाली. दुसऱ्या मजल्यापाशी थांबली. खिडकीतून बांगड्या घातलेला एक हात आला, त्याने टोमॅटो काढून घेतले, कागदात गुंडाळलेलं काहीतरी आत ठेवलं. "सुई-दोरा ठेवलाय तिसऱ्यासाठी," बाईचा आवाज म्हणाला. "सोडा." आणि पिशवी वर चढली. ती बघत राहिली. पिशवी वर गेली तसे दोरीवरचे हात दिसले. उजवा ओढत होता, डावा धरत होता. दोन्ही स्थिर होते.

"असं कधीपासून चाललंय?" तिने भाजीवाल्याला विचारलं.

"काय माहीत, झाले की बरेच दिवस. मामा खाली येत नाहीत ना आता."

खाली येत नाहीत. आणि रोज संध्याकाळी, बाजार झाला.

जिन्याने चढताना ती वाक्यं जुळवत गेली. दुसऱ्या मजल्यापर्यंत ती फार कडक वाक्यं होती. चौथ्यापर्यंत तिलाच धाप लागली. दार उघडंच होतं. खिडकीपाशी स्टूल, चौकटीला ठोकलेली छोटी चरखी, तिच्यावरून गेलेली नायलॉनची दोरी, आणि पाठमोरा मामा.

"काळजीवाहू सरकार," तो मागे न बघता म्हणाला. "वरून दिसलीस. न कळवता दौरा?"

"बाजारात जाऊन आलास ना रे?"

"बाजार झाला म्हणालो मी. जाऊन आलो असं कधी म्हटलं?"

"मामा."

"बरं, बस. पाणी पी. तिसऱ्याचा कोबी राहिलाय, तेवढी एक फेरी करतो. मग काय ओरडायचं ते ओरड."

तो कोबी वर येईपर्यंत तिला गप्प बसावं लागलं. मग मामाने खिडकी लोटून घेतली, आकड्याची पिशवी काढून खुंटीला लावली आणि तिच्यासमोर येऊन बसला. शाळेत बोलावणं आलेल्या मुलासारखा.

झालं होतं ते असं. गेल्या हिवाळ्यात बाजारातून येताना वरच्या वळणावर त्याचा पाय घसरला होता. "पिशवी सुटली नाही," तो म्हणाला, जसं काही तेच महत्त्वाचं होतं. "पाय सुटला." तो बराच वेळ पायरीवर बसून राहिला. गुडघा सुजला, आठ-पंधरा दिवसांत उतरला. पण गुडघा बरा झाला तरी जिना काही बरा झाला नाही. "पायरीवर पाय ठेवला की खालचं सगळं फिरायला लागतं. आयुष्यभर वर-खाली केलं गं, पण पायाखालची जमीन कायम सपाट असायची."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आली असतीस."

"आलेच असते."

"म्हणूनच."

सुरुवातीला त्याने स्वतःच्याच भाजीसाठी दोरी सोडली होती. नेहमीची, दोन बंदांची पिशवी आकड्याला लावून. ती खाली जाताना कलायची. "पहिल्याच आठवड्यात एक कांदा भाजीवाल्याच्या डोक्यात पडला. तो बिचारा कांदेच विकतो, म्हणून काही बोलला नाही." मग मामा विचाराला लागला. दोन बंद म्हणजे दोन मनं. एक इकडे ओढणार, एक तिकडे. टांगलेल्या पिशवीला एकच कडी हवी, नेमकी मध्यावर, आणि तोंड मिटणारं हवं. तशी त्याने विणली. पिशवी सरळ उतरली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाची आई म्हणाली, रिकामी खाली जातेच आहे तर माझी पिशवीभर यादी घेऊन जाईल का. मग दुसऱ्या मजल्यावरची शिवणारीण. मग कुणाचा डबा घरी विसरायचा, कुणाची किल्ली. "काच आणि लहान मूल मात्र घेत नाही," मामा म्हणाला. "एकीने विचारलं होतं."

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रागही आला. तिने पर्समधून लेकीची पिशवी काढून त्याच्यासमोर ठेवली.

मामा बघत राहिला. त्याने कडीत दोन बोटं घातली, काढली. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"पोरगी हातात धरणार होती ही," तो म्हणाला. "नाही का?"

"हो रे मामा."

"हातात धरायची पिशवी किती दिवसांत विणलीच नाही मी." त्याने पिशवी आपल्याकडे ओढली. मग ओशाळं हसला. "आणि तू फोनवर बंद विचारलंस तर मी तुलाच वेड्यात काढलं."

तिने त्याला सांगितलं नाही की गेले आठ दिवस ती त्याला कशात काढत होती.

तो उठला, चष्मा लावला, सुई घेतली. कडीच्या टोकाचा दोरा शोधून त्याने एक ओढ दिली आणि हत्ती टांगायची कडी भुर्रकन उसवली. "उभी राहा," तो म्हणाला. "पोरगी तुझ्याएवढी झाली की जास्त?"

"माझ्या कानापर्यंत असेल ती... नाही, आता माझ्यापेक्षा उंच आहे."

"तुला कळलंच नाही का ती वाढली ते?" तिच्या खांद्यापासून खाली त्याने दोरा लावला, बोटाने एक जागा धरली, मग विचार करून धरलेलं बोट वर घेतलं. "खांद्यावर टाकते की हातात घेते?"

"खांद्यावर. आणि सगळं जग भरते आत."

"मग आणखी आखूड." आणि तो विणायला बसला. बोटं पूर्वीसारखीच चालत होती, न बघता. रात्रभर टांगायला वेळ नव्हता, म्हणून त्याने पिशवीत घरातले बटाटे भरून ती तिच्याच हातात दिली आणि चहा होईस्तोवर खाली ठेवायची नाही असा हुकूम केला. ती बटाटे धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. डोकं शाबूत आहे, तिने मनात म्हटलं. आठ दिवस छातीवर ठेवलेला दगड उतरला, आणि त्याच जागी लगेच दुसरा येऊन बसला. हा माणूस महिनोन्महिने चार भिंतींत आहे. उद्या काही झालं, आग लागली, छातीत दुखलं, तर तो उतरणार कसा?

चहा झाल्यावर तिने विषय काढला. खोली तयार आहे. पलंग घेतलाय. आमच्याकडे लिफ्ट आहे.

"माणूस आहे लिफ्टला?"

"बटणं आहेत मामा. आता कुठे माणसं असतात?"

"आरसा?"

"आहे."

"मग मी त्यात बसून काय करू? भांग पाडू?"

"बागेत बस. फिर. लेक आहे, तिच्याशी बोल."

"लेक सकाळी जाते ती रात्री येते, असं तूच सांगतेस. तुम्ही दोघं कामावर. मग मी आणि आरसा." पण हे म्हणताना त्याच्या आवाजात भांडण नव्हतं.

"निदान आत्ता माझ्याबरोबर एक मजला उतरून दाखव," ती म्हणाली. "मी हात धरते."

मामा उठला. चपला घातल्या. त्या कोऱ्या दिसत होत्या. दाराबाहेर आला, कठडा धरला, पहिली पायरी उतरला. दुसरी उतरला. तिसऱ्या पायरीवर त्याची बोटं तिच्या मनगटात रुतली. ओठ पांढरे पडले होते. "एक टाका थांब," तो म्हणाला. ती थांबली. तो बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत उभा राहिला, आणि मग उलटा वळून, एकेक पाय जपून ठेवत, घरात गेला. ती त्याच्या मागोमाग आत आली.

पिशवीचे बंद संध्याकाळच्या आत पुरे झाले. पिशवी घडी करून देताना मामा म्हणाला, "हे बघ. तुझ्याशी वाद घालायचं माझं वय नाही. तुझी आई गेल्यावर मला रागावणारं तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. तू ठरव. ये म्हणालीस तर येईन, चौघांनी खुर्चीत बसवून उतरवावं लागलं तरी येईन. तोंड पाडून बसणार नाही तिकडे, शब्द देतो. फक्त फोन करून सांग. समोर सांगितलंस तर मला नाही म्हणावंसं वाटेल."

"आणि राहा म्हणाले तर?"

"तर सोमवारी पहिली खेप."

उतरताना दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणारणीने तिला दारात गाठलं. गळ्यात टेप, दातात टाचणी. टाचणी काढून म्हणाली, "तुम्ही भाची ना? नेणार का मामांना?"

"बघतेय."

"न्या बापडे. तुमचं माणूस आहे." बाई जरा घुटमळली. "तुम्हाला कळवलं नव्हतं त्यांनी, पण मागे एकदा ताप आला होता. सकाळी दोरी खाली आली नाही. आमची नऊ म्हणजे नऊची सवय. भाजीवाल्याने दोन हाका मारल्या, मग तो गाडी तशीच टाकून वर धावला, मागून मी, मागून तिसऱ्याची बाई पोर काखेत घेऊन. डॉक्टर आणले, दोन दिवस आळीपाळीने बसलो. तापात सारखे विचारत होते, फेऱ्या कोण करतंय. शेवटी माझ्या नवऱ्याला दोरीवर बसवला, तेव्हा डोळा लागला त्यांचा. नवऱ्याने कोबी पाडला ते सोडा."

बसमध्ये ती खिडकीशी बसली होती आणि तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं. तापाचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दोन दिवसांतही तिने संध्याकाळी फोन केला असणार, आणि मामाने सांगितलं असणार, जेवलो, घेतली, झाला. तिच्या फोनला काही कळलं नव्हतं. दोरीला कळलं होतं.

घरी लेकीने पिशवी खांद्यावर टाकून आरशात पाहिली. "आखूडच झाली," म्हणाली.

"बाजार करून ये, मग भांड."

"आणि आजोबा? कधी येतायत?"

तिने सगळं सांगितलं. खिडकी, चरखी, कांदा, तिसरी पायरी, ताप. नवरा ऐकता ऐकता हातातलं वर्तमानपत्र मिटून बसला होता. लेक हसत होती, मग हसायची थांबली.

"म्हणजे ते इथे आले की तुला झोप लागेल," ती म्हणाली.

"हो. त्यात चूक काय?"

"चूक नाही. मी फक्त विचारतेय, झोप तुला लागणार, मग सकाळी नऊ वाजता ते काय करणार?"

"तू गप्प बस गं. आई झालीस की कळेल." पण हे वाक्य तिने नेहमीच्या जोराने म्हटलं नाही.

रविवार तिने तसाच काढला. नव्या खोलीत गेली, पडदा सारखा केला, पलंगावर बसली. इथे मामा कसा बसेल ते तिने डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. तो बसला. शब्द दिल्याप्रमाणे त्याने तोंड पाडलं नव्हतं. तो हसत होता, लेकीसाठी पिशव्या विणत होता, बंद नेमके आखूड ठेवत होता. आणि कोणीही बेल वाजवली की मान वर करून बघत होता, आपला मजला तर नाही ना.

मग तिने दुसरं चित्र पाहिलं. जिना, अंधारलेलं वळण, पायरीवर बसलेला मामा. तेही खरं होतं. एक चित्र घेतलं की दुसरं पुसलं जाईल असं काही घडेना. काळजी दोन्हीकडे तेवढीच होती. इथे आणला तर ती काळजी तिची राहणार नव्हती, एवढाच फरक. ती मामाच्या वाट्याला जाणार होती.

संध्याकाळी तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, त्या गावात कुणी व्यायाम शिकवणारा डॉक्टर मिळेल का, घरी येणारा? पायऱ्यांची भीती घालवणारा?"

"चौकशी करतो," नवरा म्हणाला. "आणि प्रत्येक वळणावर एक खुर्ची ठेवली तर? एक मजला उतरायचा, बसायचं. चार मजले म्हणजे चार बैठका. शेजारी ठेवू देतील."

"तो प्रत्येक खुर्चीत चार खांब विणत बसेल."

"बसू दे की. उतरायला दिवस लागला तरी घाई कुणाला आहे?"

तिने मान हलवली. शनिवारी ती जाणार होती, त्याच्या पुढच्या शनिवारीही. तिसऱ्या पायरीनंतरची चौथी तिला त्याच्याबरोबर उतरायची होती. आणि शिवणारणीचा, भाजीवाल्याचा नंबर घ्यायचा होता. तो तिने घेतला नव्हता, एवढी काळजीवाहू असून.

सोमवारी सकाळी तिने कामावर अर्धा दिवस रजा टाकली. नऊ वाजले तेव्हा ती टेबलाशी फोन घेऊन बसली, आणि तिने नंबर लावला नाही. आत्ता दोरी खाली असेल. आत्ता टोमॅटोवरून बोलाचाली चालू असेल, कुणाचा तरी डबा खिडकीत अडकला असेल. अशा वेळी फोन वाजला तर तो एक हात सोडून धावेल. तिने भांडी आवरली, लेकीचं अंथरूण काढलं, पुन्हा येऊन बसली.

दहा वाजून गेले. आता खिडकी लोटली असेल. आता तो स्टूल भिंतीशी सरकवून बसला असेल, समोर फोन ठेवून, न बघता विणत, शब्द दिल्याप्रमाणे काहीही ऐकायला तयार. आज गोळीचं विचारायचं नाही, तिने ठरवलं. जेवणाचंही नाही. राहा म्हणायचं, खुर्च्यांचं सांगायचं, शनिवारचं सांगायचं, पण ते सगळं नंतर. तिने फोन उचलला. आधी त्याला विचारायचं, आज गर्दी कशी होती.